पातं पातळ, बिजागरी पक्की

राजगडाच्या पद्मावती माचीवर काकडी विकणाऱ्या एका मावशींसमोर माझी पुरती शोभा झाली, त्याला आता सात-आठ वर्षं होतील. त्यांच्या टोपलीत पावसाळी काकड्या होत्या, शेजारी तिखट-मिठाची पुडी, आणि हातात जे होतं त्याला चाकू म्हणावं का असा प्रश्न पडावा. करवतीच्या तुटक्या पात्याला एका कडेने धार काढलेली आणि धरायच्या टोकाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. मी मोठ्या ऐटीत खिशातला नवा घडीचा चाकू काढला. काळाकुट्ट रंग, चार मिलिमीटर जाडीचं पातं, दोनशे ग्रॅमच्या वर वजन. विकणाऱ्याने त्याच्या वर्णनात 'टॅक्टिकल' हा शब्द चार ठिकाणी घातला होता. काकडी उभी चिरायला घेतली. पातं पेरभर आत गेलं आणि मग काकडी चिरली गेलीच नाही, कडकन फुटली. एक फाक मातीत. मावशींनी माझा चाकू उलटसुलट करून पाहिला आणि परत देत म्हणाल्या, "लाकडं फोडाय बरा हाय ह्यो."

हातकरवतीचं पातं जेमतेम ०.६ मिलिमीटर जाड असतं. माझ्या चाकूच्या पाठीत तशी सहा पाती मावली असती. तेव्हापासून मी घडीचे चाकू जरा वेगळ्या नजरेने बघायला लागलो, आणि मग त्याचा नादच लागला.

चाकू घ्यायला निघालेला माणूस दोन गोष्टी मागतो: मजबूत हवा आणि झकास कापणारा हवा. विकणारा पहिली मागणी ऐकतो आणि जाड पातं पुढे सरकवतो. जाडी डोळ्यांना दिसते, हाताला जाणवते, फोटोत उठून दिसते. पण घडीचा चाकू मोडतो कुठे, हे पाहिलं तर पातं मधोमध तुटल्याचं उदाहरण विरळाच. ढिली होते ती बिजागरी, झिजतो तो खटका, चिरते ती मूठ. आणि पात्याचं मोडलंच तर टोक, तेही कुणी डबा उचकटायला घेतला म्हणून. कापण्याचं काम पात्याचं आणि टिकण्याचं बिजागरीचं. या दोन मागण्या चाकूच्या दोन वेगळ्या भागांकडे जातात, त्यामुळे त्यांच्यात भांडण असायचं काही कारणच नाही.

आधी पातं. पातं म्हणजे पाचर. धार पहिला छेद देते, पण मागचं सगळं पातं त्या छेदातून जावं लागतं. पदार्थ मऊ असेल, टोमॅटो किंवा पाव, तर तो बाजूला सरून वाट देतो. गाजर, सफरचंद, कैरी, भोपळा, पुठ्ठा हे वाट देत नाहीत. तिथे जाड पातं पदार्थाला दोन्ही बाजूंनी रेटत जातं आणि शेवटी तो फुटतो. गाजर चिरताना 'टक्' असा आवाज आला तर समजावं की शेवटचा अर्धा भाग चाकूने कापलेला नाही.

हे आकड्यांत मांडायला सोपं आहे. समजा पात्याची रुंदी, म्हणजे पाठीपासून धारेपर्यंतचं अंतर, २० मिलिमीटर आहे. पाठ ३ मिलिमीटर जाड आणि उतार थेट पाठीपासून सुरू होतो. तर पाचरीचा कोन होतो सुमारे साडेआठ अंश. पाठ २ मिलिमीटरची केली की पावणेसहा. आता तेच ३ मिलिमीटरचं पातं घ्या, वरचा अर्धा भाग सपाट ठेवा आणि उतार फक्त खालच्या १० मिलिमीटरमध्ये द्या, 'मजबुतीसाठी' बहुतेक रांगडे चाकू करतात तसा. कोन सतरा अंशांवर गेला. पोलाद तेच, जाडी तीच, रुंदीही तीच, पण काकडी फुटणार.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. 'स्लिम' म्हणून विकलेलं पातं पातळ असतंच असं नाही. पुष्कळदा ते नुसतं अरुंद असतं. अरुंद पातं फळाचा डेठ काढायला, बटाट्याचे डोळे काढायला छान वळतं, पण पाठ जाड ठेवून रुंदी कमी केली की वरच्या हिशेबाने पाचर अधिकच बोथट होते. म्हणून पातं वरून, पाठीच्या बाजूने पाहावं आणि मग समोरून. दोन्ही पाहिल्याशिवाय 'पातळ' हा शब्द कुणाकडूनही मान्य करू नये.

उताराचे प्रकार चार-पाच आहेत. पाठीपासून धारेपर्यंत एकसारखा सपाट उतार हा खिशातल्या चाकूसाठी मला सर्वांत भरवशाचा वाटतो. न्हाव्याच्या वस्तऱ्यासारखा खोलगट उतार धारेजवळ फार पातळ असतो, कातडं सोलायला उत्तम, पण भोपळ्यात शिरल्यावर वरच्या खांद्याशी अडतो. किंचित फुगीर उतार पदार्थाला चिकटत नाही; बटाट्याचे काप त्याच्यावरून घसरून पडतात. आणि स्कँडिनेव्हियन पद्धतीचा, खाली एकच रुंद उताराची पट्टी असलेला, लाकूड तासायला राजा आहे. भाजीसाठी नको.

पण खरा आकडा वेगळाच आहे आणि तो डब्यावर बहुधा छापलेला नसतो: धारेच्या लगेच मागे पातं किती जाड आहे? साधा व्हर्निअर घेऊन, जिथे धारेची चकाकती पट्टी संपते तिथे मोजावं. अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल तर चाकू कापणारा. पाऊण मिलिमीटरच्या वर असेल तर कितीही धार लावा, तो कागदाचे तुकडे करून दाखवील आणि सफरचंदात अडकेल.

शेफील्डमध्ये पात्यांच्या चाचण्यांसाठी एक यंत्र वापरतात. सिलिका मिसळलेल्या जाड कागदांची चळत पात्यावरून पुढे-मागे फिरवायची आणि किती कागद कापले ते मोजायचं. अमेरिकन धातुशास्त्रज्ञ लॅरिन थॉमस यांनी याच पद्धतीने अनेक पोलादं तपासली. धारेचा कोन कमी केला की पातं जास्त कापतं, हे तर कुणीही सांगेल. पण ते जास्त काळही कापत राहतं, आणि कोनामुळे पडणारा फरक कित्येकदा पोलाद बदलल्याने पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा असतो. महागड्या पोलादाचं जाड पातं घेणाऱ्यांनी हे जरा मनावर घ्यावं. मी घेतलं, पैसे घालवून झाल्यावर.

पातळ पात्याला मर्यादा आहेतच. पत्र्याचा डबा उचकटणं, खिळा उपसणं, स्क्रू फिरवणं, नारळाच्या कवटीत टोक खुपसून पीळ देणं, ही त्याची कामं नव्हेत. माझ्या एका चाकूचं टोक रंगाच्या डब्याचं झाकण काढताना दोन मिलिमीटरने गेलं, आणि त्यात चाकूची चूक शून्य होती. घरात स्क्रूड्रायव्हर होता.

आता बिजागरी. इथे थोडा इतिहास लागतो, कारण खटक्यांचा इतिहास म्हणजे माणसांनी आपापली बोटं वाचवण्याचा इतिहास.

जुना, साधा प्रकार पाठीच्या स्प्रिंगचा. मुठीच्या पाठीत पोलादी पट्टी असते, ती पात्याच्या बुडावर दाब देऊन त्याला उघडं किंवा मिटलेलं धरून ठेवते; जोर लावला की पातं मिटतं. शेफील्डच्या रॉजर्ससारख्या कारखान्यांचे असे चाकू हिंदुस्थानातही विकायला येत. इंग्रज त्याला पेनाचा चाकू म्हणत, कारण तो पिसाची लेखणी तासायला वापरत. आपल्याकडे पीस नव्हतं, बोरू होता. बोरूचं टोक तिरकं छाटायचं आणि मधोमध केसासारखी चीर द्यायची, म्हणजे शाई नीट उतरते. जाड पात्याने ती चीर देऊन पाहा: बोरू उभा फाटतो. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला पातळ पात्याचं महत्त्व कुणी शिकवावं लागत नव्हतं.

पाठीच्या स्प्रिंगला लोक आज कमकुवत समजतात, कारण तिच्यात खटका नाही. पण जोर कुठून येतो ते पाहा. फळीवर काही चिरताना पदार्थ धारेला वर ढकलतो, म्हणजे पात्याला आणखी उघडायच्या दिशेने रेटतो. त्या दिशेला पातं जाऊच शकत नाही, ते अडणीवर टेकलेलं असतं. बोटावर मिटण्याची भीती तेव्हा, जेव्हा पाठीवर जोर पडतो: टोक कुठे खुपसलं, किंवा अडकलेलं पातं ओढून काढलं. भाजी-फळं, सुतळी, पार्सल एवढंच काम असेल तर खटक्याविना चालतं. ओलं लाकूड, जाड दोर, रबराचा पाइप असली अडणारी कामं असतील तर खटका हवा.

त्यात सर्वांत साधा आणि माझ्या मते सर्वांत हुशार खटका फ्रान्समधल्या सॅव्हॉय प्रांतातला. जोझेफ ओपिनेलने १८९० मध्ये आपल्या बापाच्या लोहारकामाच्या कार्यशाळेत हा चाकू बनवला. पुढे १८९७ पासून १ ते १२ अशा आकारांना नंबर दिले. लाकडाची गोल मूठ, तिला करवतीने दिलेली एक खाच, एक पातं, एक खिळा आणि एक कडं. १९५५ मध्ये घराण्यातल्याच मार्सेल ओपिनेलने त्यावर फिरणारी पोलादी रिंग बसवली. रिंग फिरवली की पात्याची वाट बंद. झिजण्यासारखं फारसं काही नाही, स्प्रिंग नाही, स्क्रू नाही. २००० सालापासून तीच रिंग मिटलेलं पातंही अडवते, म्हणजे खिशात उघडायची भीती नाही.

अमेरिकेत बक कंपनीने १९६४ मध्ये ११० नंबरचा चाकू आणला आणि पाठीतल्या खटक्याला घराघरात नेलं. मुठीच्या पाठीवर तरफ असते, तिचा दात पात्याच्या बुडातल्या खाचेत बसतो. पितळी टोप्या, लाकडी मूठ, दोनशे ग्रॅमच्या आसपास वजन. शिकाऱ्यांचा चाकू, खिशापेक्षा कंबरेच्या चामडी म्यानात शोभणारा. १९८१ मध्ये कोलोरॅडोतल्या स्पायडर्कोने पात्यात गोल भोक आणि मुठीवर क्लिप दिली. अंगठ्याने एका हाताने उघडायचा, खिशाच्या काठाला अडकवून ठेवायचा. आज ज्याला लोक सहज 'पॉकेट नाइफ' म्हणतात त्याचं रूप इथून आलं. त्याच दशकाच्या सुरुवातीला मायकेल वॉकरने मुठीच्या आतल्या पट्टीलाच खटका बनवलं. ती पट्टी बाजूला सरकून पात्याच्या बुडाखाली जाते. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या ख्रिस रीव्हने पुढे ती पट्टी काढून टाकली आणि मुठीची अख्खी एक बाजूच खटका केली. त्याच्या चाकूचं नाव सेबेंझा, झुलू भाषेत 'काम'. १९९८ मध्ये बेंचमेडने आडवा दांडा मागे-पुढे सरकवणारा खटका आणला, डाव्या-उजव्या दोन्ही हातांना चालणारा.

यातला कुठला पक्का? खरं सांगायचं तर चांगला बनवलेला कुठलाही. चाचणी घरच्या घरी होते. पातं उघडून टोकाशी चिमटीत धरायचं आणि आडवं हलवून पाहायचं. बिजागरीत जरासुद्धा खडखड नको. मग पात्याची पाठ टेबलाच्या लाकडी कडेवर बेताने टेकवून दाबायची, बोटं पात्याच्या वाटेबाहेर ठेवून. आतल्या पट्टीचा खटका असेल तर ती पट्टी पात्याच्या बुडाखाली निदान एक तृतीयांश तरी सरकलेली हवी. कडेला लटकलेली असेल तर परत करावा. बिजागरीत छर्रे आहेत की साध्या ब्राँझच्या चकत्या, हेही विचारावं. छर्ऱ्यांवर पातं लोण्यासारखं उघडतं, आणि गणपतीपुळ्याच्या वाळूत एकदा पडलं की करकर वाजायला लागतं. चकत्या संथ, पण धुऊन टाकता येतात. किनाऱ्यावर राहणाऱ्याने चकत्यांचाच घ्यावा.

स्प्रिंग आणि खटक्याचा आपला स्वतःचाही एक वारसा आहे, पण तो सिनेमाने बदनाम केला. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांनी नवाबी काळापासून घडवलेला खटक्याचा चाकू, लांब निमुळतं पातं, पितळी नक्षीची मूठ. साठ-सत्तरच्या दशकांतल्या हिंदी चित्रपटांत तो खलनायकाच्या हाती इतक्यांदा खटकन उघडला की मराठीतसुद्धा 'रामपुरी' म्हणजे गुंड असं समीकरण झालं. नव्वदच्या दशकात तिथल्या सरकारने साडेचार इंचांवरच्या पात्यांना बंदी घातली आणि धंदा ओसरला. २०२३ मध्ये रामपूरच्या एका चौकात सुमारे वीस फुटांचा चाकू उभारला आहे, स्मारक म्हणून. कारागिरांच्या हातात तेवढं काम उरलेलं नाही. काप देणारा चाकू म्हणून मात्र रामपुरी मला कधीच पटला नाही. ते पातं दाखवायचं आहे, कांद्याचं नाही.

मग घ्यावा कुठला? हातात येऊन गेलेल्यांबद्दलच बोलतो.

ओपिनेलचा ८ नंबर. साडेआठ सेंटीमीटर पातं, पाठीची जाडी दोन मिलिमीटरच्याही आत, उतार किंचित फुगीर, वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास. कापण्यात याच्या आठ-दहा पट किमतीचे चाकू याच्यापुढे मान खाली घालतात. दोष एकच, पण आपल्या हवामानात मोठा: मूठ बीच लाकडाची, पावसाळ्यात फुगते आणि पातं खाचेत आवळलं जातं. सॅव्हॉयच्या लोकांनी यावर युक्ती काढलेली आहे, मुठीचं बूड टेबलावर ठोकायचं म्हणजे पातं थोडं बाहेर येतं. मी जून लागण्याआधी मूठ आठवडाभर जवसाच्या तेलात बुडवून, पुसून, सुकवून ठेवतो. मग आवळणं पुष्कळ कमी होतं. मजबुतीबद्दल शंका घेणाऱ्यांनी मूठ एकदा पिळून पाहावी. ती मोडत नाही, आणि पातं हलायला लागलं तर खिळा हातोडीने जरा ठोकला की पुन्हा घट्ट.

डूक-डूक हा माझा गुपचूप लाडका. फ्रान्समधल्या तिएरचा, १९२९ पासून. पत्रा दुमडून केलेली मूठ, त्यावर मेलानेशियातल्या एका भूतदेवतेचं चित्र, साध्या कार्बन पोलादाचं सपाट पातळ पातं आणि अशी दांडगी स्प्रिंग की उघडताना नख दुखावं. तो अल्जीरियात घरोघरी पोचला. खटका नाही, पण त्या स्प्रिंगला खटक्याची लाज वाटत नाही. सडपातळ पातं आणि धटिंगण अंग एकत्र पाहायचं तर हा. मूठ हाताला बारीक पडते आणि तासभर काम केलं की पत्र्याची कड टोचते, हेही सांगितलं पाहिजे.

जपानच्या मिकी शहरातला हिगोनोकामी आणखी साधा: दुमडलेला पत्रा, पातं आणि पात्याच्या बुडाला बाहेर आलेला एक शेपटा. तो शेपटा अंगठ्याने दाबून धरायचा, हाच खटका. शाळकरी पोरं पेन्सिली तासायला तो दप्तरात ठेवत. १९६० मध्ये समाजवादी नेते इनेजिरो असानुमा यांचा एका तरुणाने भर सभेत भोसकून खून केला, तेव्हा जपानभर मुलांच्या हातातले चाकू काढून घेण्याची मोहीम उठली आणि हा धंदा बसला. आता ते नाव लावायचा हक्क एकाच कारखान्याकडे आहे. पेन्सिलीला, कागदाला, फळाला अप्रतिम. दोर कापायला नको, अंगठा घसरला तर मिटतो.

स्विस चाकूबद्दल फार लिहायची गरज नाही, निम्म्या महाराष्ट्राच्या कपाटात अमेरिकेहून आलेल्या काकांनी दिलेला एक असतोच. कार्ल एल्सनरने १८८४ मध्ये इबाख गावात कारखाना काढला, १८९१ मध्ये सैन्याला पहिले चाकू दिले आणि १८९७ मध्ये अधिकाऱ्यांच्या चाकूचं पेटंट घेतलं. पातं सपाट उताराचं, पातळ, आणि पोलाद मुद्दाम जरा मऊ. लवकर बोथटतं, दोन मिनिटांत पुन्हा लागतं. ज्यांना धार लावायचा कंटाळा नाही आणि खटका नको, त्यांनी पुढे वाचायचं थांबवावं आणि ॲल्युमिनियमच्या मुठीतला कॅडेट घ्यावा. लाल प्लॅस्टिकच्या मुठीपेक्षा ती फार टणक, आणि जाडीने बिस्किटापेक्षा थोडी जास्त.

एका हाताने उघडणारा, खटक्याचा आणि तरी कापणारा हवा असेल तर स्पायडर्कोचा डेलिका, सपाट उताराचाच मागून घ्यावा. जपानच्या सेकी शहरात बनतो, जिथे तलवारी घडत त्याच गावात. पाठ अडीच मिलिमीटर, पातं साडेसात सेंटीमीटरच्या आत, वजन सत्तर ग्रॅम. प्लॅस्टिकसारख्या दिसणाऱ्या मुठीच्या आत पोलादी पट्ट्या आहेत, त्यामुळे पिळलं तरी वाकत नाही. बेंचमेडचा बगआउट याहून हलका, जेमतेम पन्नास-बावन्न ग्रॅम, आणि पातं याहून लांब. पण मूठ दाबली की किंचित लवते आणि त्या किमतीला ती लवचिकता मला खटकते. बक ११० मला मनापासून आवडतो, आणि खिशात घालायचा सल्ला मी कुणालाही देणार नाही.

पोलादाची चर्चा चाकूवेडे तासन्‌तास करतात. मी थोडक्यात आटोपतो. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये गंज न लागणारं पोलाद ओतलं, तेव्हा गावातले लोक त्याची चेष्टा करत की याने न कापणारे चाकू शोधले. तेव्हा त्यात तथ्य होतं. आज नाही. ओपिनेलमधलं स्वीडनचं १२सी२७ किंवा डेलिकामधलं व्हीजी-१० ही रोजच्या कामाला पुरून उरणारी पोलादं आहेत. २०२१ मध्ये आलेलं मॅग्नाकट, वर उल्लेख केलेल्या थॉमस यांनीच रचलेलं, चिवटपणा आणि गंजरोध दोन्हीत उजवं आहे, पण त्यासाठी घर गहाण टाकायची गरज नाही. साध्या कार्बन पोलादाचा मोह मात्र विचार करून करावा. कैरी चिरली की पातं मिनिटभरात निळं-काळं पडतं आणि पहिल्या काही फाकांना लोखंडी चव येते. ती काळी साय नंतर पात्याला गंजापासून थोडी वाचवतेही. देशावर, कोरड्या हवेत, कार्बन सुखाने नांदतं. रत्नागिरीत जुलै महिन्यात ते रात्रीत तांबूस होतं.

कायद्याचं प्रकरण कंटाळवाणं, पण टाळता येत नाही. शस्त्र कायदा १९५९ चा, आणि त्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांना शस्त्र धरलं आहे. घरगुती, शेतीच्या आणि औद्योगिक वापराची अवजारं त्यातून वगळली आहेत. वर सांगितलेल्यांपैकी एकही चाकू त्या मापाच्या जवळपास जात नाही. पण दिल्लीत खटक्याच्या, बटणाच्या, गरारीच्या चाकूंसाठी वेगळी अधिसूचना आहे, पातं ७.६२ सेंटीमीटर लांब आणि १.७२ सेंटीमीटर रुंद किंवा त्याहून मोठं असेल तर अडचण. महाराष्ट्रात पोलीस कायद्याचं ३७ वं कलम लक्षात ठेवावं: सण, निवडणुका, आंदोलनं यांच्या आगेमागे पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी ठरावीक मुदतीसाठी सुरे, काठ्या बाळगण्यावर बंदी घालू शकतात, आणि घालतात. ट्रेकला जाताना चाकू सॅकमध्ये, जेवणाच्या डब्यासोबत असावा, कंबरेला नको. विमानात तो चेक-इनच्या बॅगेत. केबिन बॅगेत विसरलेला एक सुंदर चाकू मी मुंबईच्या विमानतळावर कायमचा सोडून आलो आहे.

परदेशी राहणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. ब्रिटनमध्ये तीन इंचांपर्यंतचा, खटका नसलेला घडीचा चाकूच विनाकारण खिशात चालतो. खटका आला की सबळ कारण द्यावं लागतं. जर्मनीत उलट अडचण एका हाताने उघडून अडकणाऱ्या चाकूंची आहे, आणि २०२४ मध्ये उत्सव-मेळ्यांतली बंदी तिथे आणखी कडक झाली. म्हणजे दोन हातांनी उघडायचा ओपिनेल ८ म्यूनिकच्या रस्त्यावर खिशात चालेल, लंडनच्या नाही. डेलिका दोन्हीकडे घरीच ठेवावा.

ऑनलाइन घेताना नकली माल फार. स्पायडर्को आणि बेंचमेड अर्ध्या किमतीत दिसले तर ते स्पायडर्को आणि बेंचमेड नव्हेत. नकली चाकूचं पातं बहुधा मूळापेक्षा जाड असतं, कारण पातळ घासायला वेळ आणि कौशल्य लागतं. ओपिनेलची नक्कल करण्यात तेवढा नफा नाही, हा गरिबाचा फायदा.

आणि धार. दारावर येणाऱ्या सायकलवाल्या धारवाल्याकडे विळी द्यावी, हा चाकू देऊ नये. त्याचं चाक कोरडं आणि वेगवान. पातळ पात्याला दोन सेकंदांत इतकं तापवतं की धारेवर निळा डाग उमटतो. तो डाग म्हणजे तिथलं पाणी उतरलं, लोहाराने पाजलेलं पाणी. ते घरी परत चढत नाही. त्यापेक्षा १००० नंबरचा एक पाण्याचा दगड घ्यावा, जमलं तर ३००० चा दुसरा. वीस मिलिमीटर रुंदीच्या पात्यासाठी पाठ दगडापासून पाच मिलिमीटर उचलावी, पेन्सिलीच्या जाडीपेक्षा थोडी कमी. म्हणजे दर बाजूला पंधरा अंशांचा कोन पडतो. एका बाजूला नखाला जाणवेल अशी बारीक कोर उठेपर्यंत घासायचं, मग दुसरी बाजू, मग जुन्या चामडी पट्ट्यावर उलट दिशेने आठ-दहा हात.

फणस सोलण्याआधी पात्याला खोबरेल लावावं, चीक धरत नाही. तेच खोबरेल बिजागरीत मात्र घालू नये. महिन्याभरात ते चिकट होतं, धूळ धरतं, आणि डिसेंबरात महाबळेश्वरला गोठून बसतं. तिथे शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, काडीच्या टोकाने.